त्याच्या उंचीवर बसून

आमच्या कुत्र्याचे नाव कोक. हे नाव ऐकले की हाउसमधल्या मित्रांना आधी थंड पेय आठवते. पण कोक भिलाईचा. बाबा भिलाई इस्पात कारखान्यात कोक ओव्हन विभागात आहेत. मी दोन वर्षांचा असताना एका पावसाळ्यात कारखान्याच्या सायकल स्टँडवर भिजत बसलेले एक काळेकुट्ट पिल्लू ते हेल्मेटमध्ये घालून घरी घेऊन आले. आजोबांनी त्याला उचलून पाहिले आणि म्हणाले, "हा तर थेट ओव्हनमधूनच निघालेला दिसतो!" नाव तिथेच ठरले. जात विचाराल तर गावठी.

या उन्हाळी सुट्टीत मी कोकचे फोटो काढले. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होते. त्या फोटोंविषयी हा लेख आहे.

घरचे लोक त्याच्याबरोबर रोज राहतात, त्यामुळे तो म्हातारा होताना त्यांना दिसला नाही. मला दिसला, कारण मी सहावीपासून वसतिगृहात आहे आणि त्याला फक्त सुट्टीत पाहतो. सहावीच्या पहिल्या सुट्टीत रिक्षा सेक्टरच्या वळणावर येताच तो फाटकावरून उडी मारून धावत आला होता. सातवीत तो फाटकाशी उभा राहून भुंकला. आठवीत त्याने व्हरांड्यातूनच शेपटी हलवली. नववीत त्याला रिक्षा ऐकूच आली नाही. मी जवळ जाऊन बसलो, हात नाकापुढे धरला, तेव्हा तो दचकून उठला आणि रडल्यासारखा आवाज काढत माझे कोपर चाटत राहिला. या वर्षी हाताचा वास आल्यावरही त्याला उठायला वेळ लागला. मागचे पाय दोनदा फरशीवर घसरले, मग उभे राहिले. शेपटी मात्र पाय उभे राहण्याआधीच हलत होती.

तोंडाभोवती आणि भुवयांवर तो पांढरा झाला होता. छातीवरचे केस राखाडी झाले होते. आमच्याकडे दूध घालायला येणारे काका त्याच्याकडे बघून छत्तीसगढीत म्हणाले, "अब सियान होगे हे." छत्तीसगढीत वडीलधाऱ्या माणसाला सियान म्हणतात. कुत्र्याला कुणी इतक्या मानाने म्हातारा म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

बाबांचे म्हणणे वेगळेच होते. ते म्हणाले, "आता हा खरा कोक झाला. काळा असतो तो कोळसा. तो बंद भट्टीत, हवा लागू न देता हजार अंशांच्या वर भाजला की मग कोक निघतो, आणि कोक राखाडी असतो, चांदीसारखा. आपण नाव तेरा वर्षं आधीच ठेवलं होतं."

सुट्टी लागण्याआधीपासून तो फार पाणी पीत होता. रात्रीतून दोन-तीनदा त्याला बाहेर न्यावे लागायचे. वजनही उतरले होते. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे बाबा आणि मी त्याला घेऊन गेलो. रक्त तपासल्यावर कळले की त्याची मूत्रपिंडे थकली आहेत. डॉक्टरांनी समजावून सांगितले की म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बरेचदा होते. गेलेली ताकद परत येत नाही, पण खाणे बदलून आणि सलाइन देऊन त्रास कमी करता येतो. किती महिने, असे बाबांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "महिने मोजू नका. तो खातोय, उठतोय, तुम्हाला ओळखतोय, तोवर त्याचे दिवस चांगले आहेत असं समजा."

त्याच संध्याकाळी मी मामाला फोन करून त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा मागितला. मामा नागपूरहून येताना तो घेऊन आला. मला वाटले होते की घरात सगळ्यांना आनंद होईल. पण आजीने कॅमेरा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"काऊन काढून राहिला रे बाबू त्याचे फोटो?" ती म्हणाली. "बिमार जिवाचे फोटो नाही काढत."

आजी भंडाऱ्याची आहे. भिलाईत इतकी वर्षे राहूनही तिची बोली बदललेली नाही. आधी मला वाटले, दृष्ट लागते म्हणून ती नको म्हणत असेल. पण कारण दुसरेच होते.

आमच्या घरात आजोबांचे दोन फोटो आहेत. एक बैठकीत भिंतीवर आहे. ते १९६० नंतरच्या दशकात भिलाईला नोकरीसाठी आले, त्या काळातला. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली होती. आजोबा आले तेव्हा सगळे नवे होते, कारखाना, सेक्टर आणि तेही. फोटोत त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि डोळे उन्हामुळे बारीक झाले आहेत. दुसरा फोटो बाबांच्या मोबाइलमध्ये आहे. तो आजोबांच्या शेवटच्या आठवड्यातला, नाकाला नळी लावलेला. बाहेरगावच्या नातेवाइकांना दाखवायला तो कुणीतरी काढला होता. तो फोटो घरात कुणी उघडत नाही आणि कुणाला तो पुसूनही टाकवत नाही. बाबांनी दोनदा मोबाइल बदलला, दोन्ही वेळा तो फोटो नव्या मोबाइलमध्ये आला.

आजीला कोकचा असा फोटो नको होता. मलाही नको होता. पण मग कोणता फोटो काढायचा? ताई म्हणाली, "काढूच नकोस. तो फाटकावरून उडी मारायचा, तेच लक्षात ठेव." मला हे पटले नाही. उडी मारणारा कोक मला आवडतोच. पण आत्ता जो पायरीवर उन्हात बसला आहे, ज्याला ऐकू येत नाही पण आई चिला करायला लागली की वासाने जाग येते, तोही कोकच आहे. फक्त जुना कोक लक्षात ठेवायचा म्हणजे या कोककडे पाठ फिरवायची. त्याने तर कधी आमच्याकडे पाठ फिरवली नव्हती.

शेवटी जेवताना आम्ही तीन नियम ठरवले. एक, फोटोसाठी त्याला उठवायचे नाही, उचलायचे नाही, टोपी किंवा गॉगल घालायचा नाही. दोन, सलाइन लावलेले असताना कॅमेरा बाहेर काढायचा नाही. तीन, तो दमला की थांबायचे. आजी काही बोलली नाही, पण नकोही म्हणाली नाही.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणे सोपे नसते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि सगळे मिळून मध्यम राखाडी दिसेल असा हिशेब करतो. समोर मोठा काळा भाग असला की त्याला वाटते उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो जास्त उजळ करतो. काळे केस फिके पडतात आणि मागची भिंत पांढरी फटक होते. मामाने एक्स्पोजर थोडे उणे करायला शिकवले. मग दुसरी अडचण आली. काळ्या चेहऱ्यात काळे डोळे दिसेनात. नुसते एक तोंड आणि त्यात दोन खड्डे. त्यावर उपाय म्हणजे सावलीत, पण उघड्या आकाशाकडे तोंड करून तो बसलेला असताना फोटो घ्यायचा. मग आकाशाचा उजेड डोळ्यांत ठिपक्यासारखा चमकतो. तेवढ्या एका ठिपक्याने चेहरा जिवंत दिसतो.

फ्लॅश मी वापरलाच नाही. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. त्यामुळे त्याला रात्री आपल्यापेक्षा बरे दिसते, पण फ्लॅश मारला की तोच थर हिरवा-पिवळा चमकतो. शिवाय वयामुळे कोकच्या डोळ्यांत निळसर धूसरपणा आला होता, त्यावर झगझगीत प्रकाश मारावासा वाटला नाही. मे महिन्यात भिलाईचे ऊन सकाळी आठलाच डोळ्यांवर येते. नौतपा सुरू झाल्यावर तर दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून आमची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा अशी ठरली. शाळेतल्या सवयीमुळे मला जाग यायचीच. म्हाताऱ्या कुत्र्यालाही लवकर जाग येते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कॅमेऱ्याची नव्हती. उभे राहून कुत्र्याचा फोटो काढला की त्याचे डोके मोठे, पाय बारीक आणि नजर वर मागणाऱ्यासारखी दिसते. म्हणजे माणसाला वरून जसा दिसतो तसाच. त्याचा स्वतःचा चेहरा पाहायचा तर जमिनीवर बसावे लागते, कधी पोटावर झोपावे लागते. फायरिंगसाठी आपण प्रोन पोझिशन घेतो, अगदी तशी. मी व्हरांड्याच्या फरशीवर तसा झोपलो आणि पहिल्यांदा मला तो रोज काय बघतो ते दिसले. फाटकाची खालची फट, त्यातून जाणारी सायकलींची चाके, आजीच्या चपला, पाण्याचे भांडे, आणि भांड्यापर्यंतचे अंतर. उभ्याने ते अंतर चार पावले होते. खालून ते फार दिसत होते. त्या दिवशी आम्ही पाण्याचे आणखी एक भांडे आणले आणि तो झोपतो तिथे ठेवले. फरशीवर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून ताईने जुन्या सतरंजीच्या पट्ट्या भांड्यापासून पायरीपर्यंत अंथरल्या. फोटो काढायला बसलो नसतो तर हे सुचलेही नसते.

त्या दिवसांत मी झंजीरविषयी बरेच वाचले. आपल्याकडे वर्दीतल्या कुत्र्यांची गोष्ट निघाली की त्याचे नाव येतेच. झंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडॉर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून दिली. किती माणसे त्यामुळे वाचली, याची मोजदाद होऊ शकत नाही. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. बहुतेकांना त्याचा एकच फोटो माहीत आहे. झंजीर जमिनीवर निजलेला आहे, अंगावर फुले आहेत आणि एक पोलीस अधिकारी त्याला पुष्पचक्र वाहत आहेत. तसाच आपल्या सैन्यातला झूम. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही तो मागे हटला नाही. १३ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्यालाही पुष्पचक्र वाहण्यात आले.

हे फोटो पाहताना आपोआप सावधानमध्ये उभे राहावेसे वाटते. ते असायलाच हवेत, कारण ते देशाने म्हटलेले 'आभारी आहोत' आहे. पण मला राहून राहून त्यांच्या हँडलरचा विचार येत होता. ज्याने त्या कुत्र्याला रोज खायला घातले, ब्रश केला, त्याच्याशेजारी ट्रकमध्ये झोप काढली, त्याच्या मनात कोणता फोटो असेल? फुलांचा नसेल, असे मला वाटते. पट्टा हातात घेतल्यावर कान टवकारलेला असेल, किंवा काम संपल्यावर जीभ बाहेर काढून सावलीत बसलेला असेल. सलामीचा फोटो सगळ्यांचा असतो. दुसरा फोटो, जो कुत्रा ज्याचा त्यालाच कळतो, तो जिवंतपणीच काढावा लागतो. कोकने आयुष्यात काही शोधून दिले नाही. एकदा आईची हरवलेली चप्पल सापडली, पण ती त्यानेच पळवली होती. त्याला कुणी पुष्पचक्र वाहणार नव्हते. त्याचा फोटो काढायचा तर तो आम्हीच काढायचा होता.

पाच आठवड्यांत मी शेकडो वेळा बटण दाबले आणि त्यातले एकेचाळीस फोटो ठेवले. बाबा रात्रपाळीहून येऊन सायकल लावतात आणि कोक त्यांच्या पँटचा वास घेतो, तो एक. चिल्याच्या वासाने मिटल्या डोळ्यांनी वर झालेले नाक, एक. पुढच्या पंजांचा एक, फक्त पंजे, नखे वाढलेली आणि बोटांमधले केस पांढरे. एका फोटोत तो झोपला आहे आणि पाय हलल्यामुळे पुसट आले आहेत. मामा म्हणाला, हा हलला आहे, काढून टाक. मी ठेवला. त्याचे पाय आता फक्त स्वप्नातच इतक्या जोरात धावत होते.

सगळ्यात चांगला फोटो सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातला आहे. आजी सकाळी पायरीवर येऊन बसली. कोक सतरंजीच्या पट्टीवरून हळूहळू चालत तिच्याजवळ गेला आणि त्याने तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली. तिने त्याचा कान दोन बोटांत धरला आणि चोळत राहिली, वाती वळताना कापूस चोळते तसा. मी फरशीवर पोटावर झोपलेलोच होतो. बटणाचा आवाज तिला ऐकू गेला, पण तिने हात थांबवला नाही. मी कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा तिला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माहा बी असाच काढजो. साधा. दवाखान्यातला नको."

सिव्हिक सेंटरच्या एका स्टुडिओतून आम्ही सगळे फोटो कागदावर काढून घेतले. वसतिगृहात मोबाइल जवळ ठेवता येत नाही, म्हणून मला कागदाचेच हवे होते. घरच्यांसाठी आईने एक अल्बम केला. मी तीन फोटो घेतले.

निघण्याच्या आदल्या रात्री मी बाबांकडे एक गोष्ट मागितली. कोकचे जे होईल ते मला त्याच दिवशी कळले पाहिजे. परीक्षा असली तरी, सामना असला तरी. बाबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे. शब्द दिला." सकाळी मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो आणि हात नाकापुढे धरला. त्याने वास घेतला, चाटले आणि पुन्हा डोके ठेवून झोपला. मग आम्ही गोंदियाला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली.

सप्टेंबरमध्ये चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हाउसमास्टर सरांनी मला बोलावून फोन हातात दिला. बाबांनी शब्द पाळला होता. कोक दुपारी आपल्या जागेवर, दोन भांड्यांच्या मध्ये, झोपेतच गेला होता. आदल्या रात्री त्याने अर्धा चिला खाल्ला होता. बाबांनी आणि दूधवाल्या काकांनी मिळून त्याला क्वार्टरच्या मागे पेरूच्या झाडाखाली पुरले. बाबांनी विचारले, "पुरण्याआधी मी फोटो काढला नाही. चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल बाबा, आपल्याकडे आहेत." सर बाजूला उभे होते. त्यांनी काही विचारले नाही, फक्त त्या दिवशी मला प्रेपला थोडे उशिरा जाऊ दिले.

सहावी-सातवीतल्या माझ्या छोट्या मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कुत्रा, मांजर किंवा गाय वाट बघत असेल. पहिल्या सुट्टीत ती धावत येतात, त्यामुळे पुढेही अशीच येतील असे वाटते. सुट्टीत गेलात की एखाद्या सकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ अर्धा तास जमिनीवर बसा. त्यांना कुठे ऊन लागते, कुठे पाय घसरतो, पाणी किती लांब आहे ते बघा. जे दिसेल ते आधी नीट करा. मग फोटो काढा. तो आपोआप चांगला येईल.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून आजी आणि कोकचा तो फोटो लावला आहे. हिवाळी सुट्टीसाठी मामाचा कॅमेरा मी पुन्हा मागून ठेवला आहे. ताईने फोनवर सांगितले की आजीने फोटोसाठी साडी काढून ठेवली आहे, आणि 'साधा' म्हणाली होती तरी ती जरीकाठाची आहे.